खरजेचा हिवाळा

खाजवण्याला आवाज असतो. ज्याच्या घरात लेकरं आहेत त्याला तो ओळखीचा असतो. कोरड्या पोत्यावर कुणीतरी नख ओढत बसल्यासारखा, न थांबणारा. परवा सकाळी थंडी पडली, पोरं शेकोटीला जमली आणि उबेनं अंग सैल झालं तसा एकेकाचा हात आपसूक बोटांच्या बेचक्यात गेला. खर्र, खर्र. हिवाळा आला की लोकांना हुरडा आठवतो, तुरीच्या ओल्या शेंगा आठवतात. मला एक माणूस आठवतो आणि माझ्या मुठी वळतात.

संपादकांनी कळवलंय की लेख पाठवा, पत्रक पाठवू नका. मी प्रयत्न करतो. न जमल्यास त्यांनी खुशाल चुलीत घालावं. मी लिहायला शिकलो तेच मुळी पत्रकांवर. आमच्याकडं मराठीचा छापलेला कागद दिसणं मुश्कील, तेव्हा चोरून आलेलं एकेक पत्रक आम्ही दहादा वाचायचो, हातानं उतरवून काढायचो. त्यामुळं माझं वाक्य सरळ चालत नाही, ते अंगावर धावून जातं. त्याला माझा इलाज नाही.

तो माणूस डॉक्टर होता. त्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की माणूस मोठा होतो, आणि त्याला मोठं करायची माझी इच्छा नाही. कसब्यात एक सरकारी दवाखाना होता, तिथं तो बसायचा. परका नव्हता. आपलीच भाषा बोलणारा, आपलेच सणवार करणारा, ताटाभोवती पाणी फिरवल्याशिवाय घास न घेणारा. हे मुद्दाम सांगतो. आमच्या सभांत जुलूम म्हटला की तो नेहमी लांब हैदराबादेत बसलेला असतो. तशी भाषणं मीही ठोकली आहेत, टाळ्याही घेतल्या आहेत. पण लेकराच्या अंगाला शिवायला तयार नसलेला जो हात मी डोळ्यांनी पाहिला, तो आपल्यातलाच होता.

त्याच्या टेबलावर एक गोल लाकडी रूळ असायचा, वहीवर रेघा मारायचा. आई लेकराला घेऊन समोर उभी राहिली की तो खुर्चीतून न हलता रुळाच्या टोकानं पोराचा सदरा वर उचलायचा, दोन हात लांबून बघायचा आणि म्हणायचा, "खाज. पुढं." फोड असो, नायटा असो, घामोळं असो, उवांनी चिघळलेलं डोकं असो, सगळ्याला एकच. "खाज. पुढं." मग पळसाच्या पानावर बोराएवढं मलम. एका चिठ्ठीला एक रोगी, एका रोग्याला एक बोर. रूळ मात्र तो प्रत्येक पोरानंतर फडक्यानं पुसायचा. एवढी काळजी त्याला होती, रुळाची.

माझी थोरली बहीण यमुना. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिचं सासर वाटूरपासून दोन कोसांवर. दोन वर्षांमागच्या त्या हिवाळ्यात मी तिच्याकडंच होतो, गावात वाचनालय काढायच्या खटपटीत. अक्काची पहिली दोन लेकरं वर्षाच्या आत गेलेली. तिसरा जगला, म्हणून त्याचं नाव भिक्या ठेवलं. नुसतं नाव ठेवून भागत नाही. आमच्याकडं असं जगलेलं लेकरू आपलं नाही, मागून आणलेलं आहे, असं दैवाला दाखवावं लागतं. म्हणून भिक्याच्या अंगावर पाच वर्षं नवं कापड घालायचं नव्हतं. दर अमावास्येला अक्का सात घरी पदर पसरायची आणि त्या घरांतल्या लेकरांची जुनी कापडं मागून आणायची. देणाऱ्या बाईनं भिक्याला मांडीवर घ्यायचं, आपल्या लेकराचा सदरा आपल्या हातानं त्याला घालायचा आणि म्हणायचं, "हे आमचं हाय गं." आणि ते कापड धुवायचं नाही. धुतलं तर त्या घराचा हात निघून जातो म्हणे.

तीन वर्षांचा भिक्या. कुणाचा ढगळ सदरा, कुणाची मांडीवर आखूड झालेली चड्डी, कुणाच्या आजीच्या लुगड्याची टोपी. आणि बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती लाल पुरळ. मला बघितलं की तो दोन्ही हात पुढं करायचा. घेण्यासाठी नाही, खाजवून देण्यासाठी. "मामा, इथं. मामा, इथं बी." माझं खाजवून व्हायच्या आत त्याला दुसरी जागा सापडलेली असायची.

मी त्याला कसब्याला नेलं. रूळ वर आला, रूळ खाली गेला. "खाज. पुढं."

"पू झालाय साहेब," मी म्हणालो. "ताप येऊन राह्यला."

"खरजेनं कोण मरतंय?" तो म्हणाला. माझ्याकडं बघून नव्हे, रूळ पुसता पुसता.

हे वाक्य मी त्याच दिवशी मनात लिहून ठेवलं. खाली तारीख घातली.

बाहेरच्या ओट्यावर कंपाउंडर बसायचा, कादरमियाँ. पांढरी दाढी, एक डोळा पाणावलेला आणि जिभेला हाड नाही. मी पायऱ्या उतरताना तणतणत होतो, त्यानं हाक मारली. "ओ लीडर! भाषन बाद में. पोराला हिकडं आन."

त्यानं भिक्याला मांडीवर घेतलं, हात उजेडाकडं धरला, बोटं फाकली आणि मला मान धरून खाली वाकवलं. "बघ. बेचक्यात बघ. मनगटाच्या आतून बघ. काखेत, बेंबीपाशी, चड्डीच्या आत. ह्या बारीक वाकड्या रेघा दिसून राह्यल्या का? कुनी हलक्या हातानं पेन्सिल ओढल्यावानी? त्येच्या टोकाला कीडा हाय. चमड्याच्या आत बीळ करतोय. आता सांग, घरात किती जन खाजवतेत?"

"सगळे."

"तू?"

 माझा हात पाठीमागं होता आणि तो काय करत होता ते मला ठाऊक होतं.

"लीडर बी खाजवतो!" कादरमियाँ मोठ्यानं हसला. "मंग हे खरूजच. बिलकुल खरूज."

त्या ओट्यावर मी बऱ्याच सकाळी घालवल्या. पत्रकांनी मला रागावायला शिकवलं होतं, बघायला कादरमियाँनं शिकवलं. नायटा गोल असतो, त्याची कड उठलेली आणि मधलं अंग साफ; त्याला दवा निराळी. तोंडाभोवती मधासारखी पिवळी खपली धरलेले फोड असले तर आधी कोमट पाण्यानं खपली भिजवून काढायची, वरून मलम थापायचं नाही. हिवाळ्यात गालावर फिकट चट्टे आले आणि बायकांनी महारोग म्हणून कपाळ बडवायला सुरुवात केली की तो खिशातून कोंबडीचं पीस काढायचा, पोराला डोळे मिटायला लावायचा आणि चट्ट्यावरून पीस फिरवायचा. पोर खुदकन हसलं की म्हणायचा, "हसला का? मंग महारोगाचं भ्या न्हाई. वरून कोंडा उडतोय, डाग पार पांढरा न्हाई, मंग कोड बी न्हाई. थंडीनं चमडी सुकली. तेल लाव आनि घरी जा." ती बाई पदरानं डोळे पुसत उठायची. आत टेबलाशी तिला एक शब्द मिळाला होता, बाहेर ओट्यावर तिला तिचं लेकरू परत मिळायचं.

आणि एक गोष्ट त्यानं मला दोनदा सांगितली. "पू झालेली खरूज लई दिस ठेवू नको. कधी कधी ती गुर्द्यावर, मूत्रपिंडावर, उतरती. सकाळी उठल्यावर मुँह सुजलेला दिसला, पेशाब लाल आली, तर जल्दी घेऊन ये. तवा हे काम माझं न्हाई, त्येचं हाय," असं म्हणून आतल्या खुर्चीकडं बोट केलं.

म्हणजे मला माहीत होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा. मी आडाणी नव्हतो.

कादरमियाँनं आपल्या हिकमतीनं दिलेल्या मलमानं भिक्या बरा झाला. तीन दिवस मानेपासून तळव्यापर्यंत लावलं, चौथ्या दिवशी आंघोळ घातली. पोर आठ दिवस शांत. मग अमावास्या आली, सात घरचं कापड अंगावर चढलं आणि पंधरा दिवसांत पुन्हा खर्र, खर्र. पुन्हा मलम, पुन्हा बरा, पुन्हा अमावास्या. दुसऱ्या खेपेला मी त्या सात घरांतून हिंडलो आणि प्रत्येक दारात पोरांचे हात उलटे करून पाहिले. सातही घरं खाजवत होती. कसब्यातला एवढा शिकलेला डॉक्टर, त्यानं एकदाही विचारलं नव्हतं की ह्या पोराच्या अंगावरचा सदरा कुणाचा आहे.

"अक्का, हे कापड उकळल्याशिवाय घालू नको."

"न्हाई."

"अगं, त्या कापडात किडे हायेत!"

"त्या कापडात सात आयांचा हात हाय," अक्का म्हणाली. "तुझं शिक्षान तुझ्यापाशी ठेव. दोन पुरली मी. तिसऱ्याच्या अंगावरचं एक सूत बी मी हलवनार न्हाई."

मी अंधश्रद्धेवर तीन पत्रकं लिहिली आहेत. अक्काच्या त्या एका वाक्यापुढं त्यातलं एकही मला आठवलं नाही. पुरलेल्या दोघांना मीच नदीकाठी नेलं होतं, माझ्या ह्या हातांवर. मग मी दुसरा रस्ता धरला. व्रत मोडायचं नसेल तर सातही घरं एका दिवशी बरी करायची. त्याला सेर-दोन सेर गंधक लागणार, करंजाच्या तेलात खलायला. मी बाजारात शेठजीकडं गेलो. दोन पिढ्यांमागं मारवाडातून आलेलं घर, भला माणूस. गंधक म्हटल्याबरोबर त्यानं दुकानाची फळी अर्धी खाली ओढली.

"भाऊ, ह्या दिवसांत गंधक? एवढं? लोक बारूद करतेत, आनि मंग पुलिस पुसतेत मला. तुमचं नाव तर आधीच त्येंच्या वहीत हाय. डाक्टरसाहेबाची सही आना, पोतं नेऊन देतो घरी."

सही. त्या माणसाची.

मी गेलो. हात जोडले नाहीत, पण गेलो. सात घरं, एकतीस माणसं, यादी लिहून नेली. त्यानं यादी वाचली. "गंधक? तुला?" तो हसला. "एका चिठ्ठीला एक रोगी. एकतीसच्या एकतीस आण, रांगेत उभे कर." कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत, दोन बैलगाड्या आणि चार कोस.

मी घरी आलो आणि पत्रक लिहिलं. 'दवाखाना की कोंडवाडा?' असं त्याचं नाव. रूळ आला, फडकं आलं, "खरजेनं कोण मरतंय" हे वाक्य जसंच्या तसं आलं. रात्रंदिवस खपून आम्ही चौघांनी त्याच्या प्रती काढल्या, आठवडी बाजारात वाटल्या. आता दवाखाना हादरणार म्हणून मी वाट बघत बसलो. पुढच्या बाजारी एक म्हातारी दवाखान्यातून बाहेर पडली, तिच्या हातात मलमाची पुडी होती. पळसाचं पान नव्हतं. माझ्या पत्रकाचा चतकोर होता. 'जुलमी' ह्या शब्दावर बोराएवढं मलम. आतून त्यानं मला खिडकीतून पाहिलं आणि रूळ कपाळाला लावून सलाम केला.

त्या सलामानंतर मी जे केलं ते खरजेसाठी केलं नाही, भिक्यासाठीही नाही. सूड म्हणून केलं. इथं गोड बोलण्यात अर्थ नाही.

सात घरांतली एक म्हातारी त्याच सुमारास नातवंडांना घेऊन, घर बंद करून लेकीकडं राहायला निघून गेली होती. अक्काला सातवं घर हवं होतं. मी म्हणालो, "अक्का, सातवं घर डाक्टराचं घे."

"येडा का खुळा तू? मोठ्याचं घर. दारात तरी उभं करतेल का?"

"त्येच्या बायकोला लेकरू हाय, भिक्याएवढं. आई हाय ती. लेकराच्या जिवासाठी मागनाऱ्या बाईला कोनती आई न्हाई म्हनती?"

अक्काचे डोळे भरून आले. तिला वाटलं, भाऊ सुधारला, व्रत मानायला लागला. मला दिसत होतं ते वेगळंच. देणाऱ्या बाईनं लेकरू मांडीवर घ्यायचं असतं. जिकडं मांडी, तिकडं खाज. रूळ फक्त टेबलापुरता असतो.

मार्गशीर्षातली अमावास्या. गाडीच्या साट्यात कडबा अंथरलेला, दोन्ही बाजूंना पांढरंफटक पिकलेलं कापसाचं रान, थंडीनं बैलांच्या नाकातून वाफ. मी गाडी हाकत होतो आणि मनात गाणं होतं. दवाखान्यामागंच त्याची बंगली. डॉक्टर आत टेबलाशी, आम्ही मागच्या दारी. अक्कानं पदर पसरला. "बाई, भीक मागायला आले. पैशाची न्हाई, भाकरीची न्हाई. ह्या लेकरासाठी तुमच्या लेकराचं जुनं कापड."

डॉक्टरीणबाई विशीच्या असतील. त्यांनी काय-कसं-कशाला असं काहीएक विचारलं नाही. "या की आत," म्हणाल्या, आणि खाली बसून त्यांनी भिक्याला मांडीवर ओढलं. त्यांचा बाळू दारामागून आला, एक बोट तोंडात. त्यांनी त्याच्या अंगावरचाच लोकरीचा स्वेटर काढला. जुनं धुंडाळत बसल्या नाहीत. तो भिक्याला घालताना त्यांना त्याच्या मनगटावरचे फोड दिसले. क्षणभर हात थांबला. मग त्यांनी फोडांवरून बाही अलगद ओढली आणि म्हणाल्या, "हे आमचं आहे गं." अक्का रडायला लागली. बाहेर थंडी होती, म्हणून त्यांनी दोन्ही पोरांना एका शालीत गुंडाळून उन्हाला बसवलं, आणि दोघं दुपारभर एका शालीत गूळ-शेंगदाणे खात बसले. मी आंब्याच्या बुंध्याला टेकून ते बघत होतो. इतकं समाधान मला कुठल्या सभेत मिळालेलं नाही.

मग मी थांबलो. कादरमियाँनं सांगितलं होतं की ज्याला पूर्वी कधी झालेली नाही त्याला खाज सुटायला तीन-चार आठवडे लागतात. मी आठवडे मोजत होतो. दवाखान्यात गेलो नाही, भिक्यासाठी मलमही आणलं नाही, सहीसाठी पुन्हा तोंड उघडलं नाही. ह्या वेळी तो माझ्याकडं येणार होता. ज्वारी हुरड्यात आली, लोक रानात गोवऱ्या पेटवून बसले, मीही बसलो, आणि बाळूच्या बोटांत आता काय चाललं असेल ते मनातल्या मनात बघत हुरडा खाल्ला. गोड लागला.

पौषात एका सकाळी अक्कानं भिक्याला उन्हात आणलं आणि हसून म्हणाली, "बघ, मामाचं लेकरू कसं गुबगुबीत झालं."

मी पाहिलं. डोळ्यांच्या पापण्या फुगलेल्या. गाल ताणलेले, चकचकीत. तो परसात लघवीला बसला होता, ती माती मी जाऊन बघितली. मांस धुतल्यावर पाणी होतं तसल्या रंगाची.

अक्काला मी काही सांगितलं नाही. गाडी जुंपली. चार कोस. त्या दिवशी कापूस दिसला नाही, रान दिसलं नाही, मनात गाणं नव्हतं. अमावास्या होती, म्हणून अक्काला वाटलं आपण सातव्या घरीच निघालोय, आणि वाटेत ती भिक्याला सांगत होती, "बाळूदादा भेटनार तुला."

दवाखाना बंद होता. मागल्या पडवीचं दार उघडं होतं आणि दारातूनच मला ते दिसलं. तो जमिनीवर मांडी घालून बसला होता. मांडीत बाळू. हातात भिंग. त्यानं बाळूचं एकेक बोट वेगळं केलं, बेचक्यात भिंग धरलं. मनगट उलटं केलं. काख पाहिली, बेंबी पाहिली, चड्डी उतरवून पाहिली, तळवे पाहिले. खालच्या आवाजात बाळूशी बोलत होता, "कुठं खाजतंय रे राजा, दाखव बरं." मग बायकोला म्हणाला, "खरूज आहे. आपल्या तिघांनाही लावावं लागेल, एकाच दिवशी. अंथरुणं, कपडे, सगळं उकळायला टाक."

येत होतं. त्याला सगळं येत होतं. बेचकी येत होती, भिंग येत होतं, एका दिवशी सगळं घर, उकळतं पाणी, सगळं. इतके महिने माझी समजूत अशी होती की तो आडाणी आहे, आळशी आहे. आडाण्याला शिकवता येतं. ह्याला येत होतं आणि तो टेबलापलीकडं ते खर्च करत नव्हता, एवढंच.

मी आत शिरलो. काय बोललो ते सगळं छापण्यासारखं नाही. "येतंय की तुम्हाला! मंग आमच्या लेकरांना रूळ का?" एवढं आठवतं. तो उठला, "बाहेर हो" म्हणाला. डॉक्टरीणबाई मधे आल्या. त्यांनी अक्काच्या कडेवरून भिक्याला घेतलं, त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि नवऱ्याच्या समोर, बाळूच्या शेजारी, जमिनीवर बसवलं. भिक्याच्या अंगात अजून तोच स्वेटर होता.

"आता ह्याला बघा," त्या म्हणाल्या.

"दवाखान्याच्या वेळेत—"

"आत्ता. हातानं."

तो बसला. त्यानं भिक्याची नडगी धरली आणि अंगठा दाबला. उचलला. खळगा तसाच राहिला. मी त्या खळग्याकडं बघत राहिलो. माझ्या महिनाभराच्या समाधानाएवढाच खोल होता तो. डॉक्टरचा चेहरा बदलला. आम्हाला दाखवायला नव्हे, त्याला जे दिसलं त्यानं बदलला. "किती दिवस सुजलंय?" आम्हाला त्यानं विचारलेला हा पहिला प्रश्न.

भिक्या तिथंच राहिला, पडवीत, अठरा दिवस. मीठ बंद, दूध, झोप, फोड रोज लाल औषधाच्या पाण्यानं धुवायचे. गंधकाच्या चिठ्ठीवर त्यानं त्याच दिवशी सही केली. शेठजीनं दोन सेर घरी पोचवले. खलबत्त्यात गंधक आणि करंजाचं तेल खलताना सगळ्या आळीला तो घाण, जळका, पिवळा वास सुटला आणि कादरमियाँ गावात येऊन अक्काच्या ओट्यावर बसून ओरडत होता, "मानेच्या खाली एक तीळ सोडायचा न्हाई! म्हाताऱ्याला सोडू नका! लीडरला सोडू नका!" गावातली सहा घरं, बंगलीचं सातवं आणि आमचं, सगळी एका दिवशी. अक्कानंच तोड काढली की मागून आणलेलं कापड आपण धुवायचं नसतं, पण देणारीनं द्यायच्या आधी आपल्या घरी उकळलं तर कुणाचा हात निघून जात नाही. सात दारांत सात हंडे उकळत होते. पत्रकानं जे झालं नाही ते हंड्यानं झालं.

एका सकाळी अक्कानं बंगलीच्या परसातून हाक मारली. पांढऱ्या वाडग्यात तिनं भिक्याची लघवी धरली होती आणि ती उन्हाकडं करून बघत होती, जशी बाई लग्नाचं सोनं बघते. स्वच्छ होती. आठ दिवसांनी अंगठ्याचा खळगा दाबल्याबरोबर भरून यायला लागला.

लोक म्हणतात, झालं की तुझं. डॉक्टर आता हातानं तपासतो, तक्रार कसली? तक्रार आहे. स्वतःच्या पोराला खाज सुटल्यावर ज्याला आमची पोरं दिसली, त्याचे आभार मी मानणार नाही. आज तो कसब्यात असो की बदलीवर जावो, त्याचं ते वाक्य तारखेसकट माझ्याजवळ आहे, आणि तो जिथं जाईल तिथल्या बायकांना मी ते वाचून दाखवीन. मी विसरत नाही.

पण एक गोष्ट राहिली, आणि ती लिहिली नाही तर हा लेख खोटा होईल. भिक्याला घरी न्यायच्या दिवशी डॉक्टरीणबाई पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. अक्का गाडीत सामान ठेवत होती. बाईंनी वर न बघता विचारलं, "भाऊ, त्या अमावास्येला सातवं घर म्हणून आमचं दार तुम्हीच दाखवलंत ना?"

"व्हय."

"बाळूला होणार, हे माहीत होतं?"

"माहीत होतं."

मला वाटलं, आता शेंगांचं सूप अंगावर येईल. मी तयारच होतो. उलट मला ते हवंच होतं. भांडण झालं की माझी वाक्यं सरळ होतात. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

"मग मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर घेतलं असतंत मांडीवर?"

"घेतलं असतं. आणि त्याच दिवशी ह्यांना खाली बसवून तपासायला लावलं असतं." मग त्यांनी मान वर केली. "तुम्ही महिनाभर वाट कसली बघत होतात? ह्याचं तोंड सुजायची?"

अक्कानं गाडीतून हाक मारली, मी भिक्याला उचलून निघालो. चार कोस तो माझ्या खांद्यावर झोपला होता, एकदाही खाजवलं नाही. बाईंच्या प्रश्नाला उत्तर मला त्या वाटेवर सुचलं नाही आणि दोन हिवाळे झाले, अजून सुचलेलं नाही. त्याचा राग मी अजूनही डॉक्टरवरच काढतो.